ब्राउझरमधील ईमेल खाते संगणकावरील मेल प्रोग्राममध्ये जोडताना : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

इंदुरातील आमच्या गणेशोत्सव मंडळाचे एक सामाईक ईमेल खाते आहे आणि ते अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष व मी असे चौघे वापरतो. एका वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी कोषाध्यक्षांनी घरच्या संगणकावर मेल प्रोग्राम बसवला आणि समोर येईल ते बटण दाबत हे खाते त्यात जोडले. पंधरा-वीस दिवसांनी सचिवांनी मोबाइल उघडून पाहिले, तेव्हा मंडपवाल्याचे दरपत्रक, देणगीदारांची पत्रे आणि परवानगीसंबंधीचा सगळा पत्रव्यवहार इनबॉक्समधून नाहीसा झाला होता. मेल कोषाध्यक्षांच्या संगणकात सुखरूप होते, मात्र सर्व्हरवरची, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या संगणकावरची, प्रत पुसली गेली होती. त्यानंतर रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील ओळखीच्या बऱ्याच घरांत मी हे काम करून दिले आणि बहुतेक ठिकाणी अडचणीचे मूळ एकच आढळले : लोक आधी प्रोग्राम उघडतात आणि खात्याची तयारी नंतर, अडल्यावर करतात. म्हणून खाली पहिले तीन टप्पे केवळ तयारीचे आहेत आणि ते ओलांडून पुढे जाऊ नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

हे मार्गदर्शन थंडरबर्ड या मोफत प्रोग्रामला धरून लिहिले आहे, कारण तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. विंडोजसोबत येणारे जुने ‘मेल’ अ‍ॅप वापरणाऱ्यांनाही आता दुसरी सोय पाहावी लागते, कारण ३१ डिसेंबर २०२४ नंतर मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार बंद केला. मेनूंची नावे आणि सर्व्हरचे पत्ते येथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर पत्ते लिहिताना ते इंग्रजी लहान अक्षरांत, ‘डॉट’च्या जागी टिंब देऊन आणि मध्ये जागा न सोडता लिहावेत.

## टप्पा १ : प्रोग्रामला हात लावण्याआधीची तयारी

एक कागद घ्यावा आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : पूर्ण ईमेल पत्ता, खाते कोणत्या कंपनीचे आहे, ते आणखी कोणकोणत्या मोबाइलवर व संगणकावर उघडलेले आहे, आणि पडताळणीचा क्रमांक कोणाच्या फोनवर येतो. शेवटची गोष्ट सामाईक खात्यांत फार महत्त्वाची ठरते. फोन सचिवांकडे आणि संगणक कोषाध्यक्षांकडे असेल, तर दोघांनी एकाच वेळी उपलब्ध राहण्याचे आधीच ठरवावे, नाहीतर काम मध्येच अडकते.

त्यानंतर पासवर्ड खरोखर आठवतो का, ते पाहावे. ब्राउझर वर्षानुवर्षे पासवर्ड लक्षात ठेवतो आणि आपण तो एकदाही टाइप केलेला नसतो, ही स्थिती मला जवळपास प्रत्येक घरात दिसली. ब्राउझरची खासगी खिडकी (‘इन्कॉग्निटो’ किंवा ‘प्रायव्हेट विंडो’) उघडावी, तिथे पत्ता व पासवर्ड हाताने लिहून खात्यात शिरावे. शिरता आले नाही, तर आधी पासवर्ड नव्याने ठरवावा आणि ज्या इतर उपकरणांवर खाते उघडलेले आहे तिथेही तो बदलून घ्यावा.

संगणकाचे घड्याळ बरोबर आहे का, हेही याच वेळी पाहावे. हे वरवर किरकोळ वाटते, पण एका निवृत्त शिक्षकांच्या घरी सर्व्हरच्या प्रमाणपत्राची (सर्व्हर खरा असल्याच्या मुदतबंद डिजिटल दाखल्याची) चूक दाखवत प्रोग्राम तासभर अडून बसला होता, आणि कारण एवढेच निघाले की त्यांच्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सेल संपल्यामुळे रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख उमटत होती. सर्व्हरशी होणारे सुरक्षित जोडकाम प्रमाणपत्राच्या मुदतीवर अवलंबून असते. संगणकच मागच्या काळात वावरत असेल, तर त्याला आजचे प्रमाणपत्र अजून लागू न झालेले दिसते. असा सेल, बहुधा सीआर २०३२ जातीचा, कोणत्याही संगणकाच्या दुकानात मिळतो. तो बदलावा, तारीख-वेळ दुरुस्त करावी आणि मगच पुढे जावे.

डिस्कवर किती जागा मोकळी आहे, ते पाहावे. मोफत जीमेल खात्याला १५ जीबी जागा असते आणि ती मेल, ड्राइव्ह व फोटो यांत वाटलेली असते. इनबॉक्सच्या तळाशी एकूण वापर दिसतो. त्यातील मेलचा वाटा जितका असेल, त्याच्या दुप्पट जागा संगणकात मोकळी असावी, असा माझा अनुभवाने ठरलेला नियम आहे, कारण पुढे राखीव प्रतही काढायची असते. संगणकावर विंडोज ७ किंवा ८ असेल, तर थंडरबर्डची ११५ क्रमांकाची आवृत्ती ही त्यांवर चालणारी शेवटची. त्यापुढच्या आवृत्त्यांना किमान विंडोज १० लागते.

इशारा : खात्यातील मेल अमूल्य असतील, म्हणजे त्यांत कोर्टाची, मालमत्तेची किंवा संस्थेच्या हिशोबाची कागदपत्रे असतील, तर काही करण्याआधी त्यांची स्वतंत्र प्रत काढावी. गूगलच्या खात्यासाठी ‘टेकआउट’ सेवेतून सर्व मेल एका फाइलमध्ये मिळतात. ती फाइल तयार व्हायला वेळ लागतो, त्यासाठी थांबावे.

## टप्पा २ : आयमॅप की पॉप, हे आधी ठरवा

आमच्या मंडळाचा घोटाळा या एका निवडीत झाला, म्हणून येथे सावकाश जावे.

पॉप पद्धतीत प्रोग्राम सर्व्हरवरच्या इनबॉक्समधील मेल उचलून आपल्या संगणकात आणतो. पोस्टातल्या पेटीतून पत्रे काढून घरी आणण्यासारखेच हे आहे : पत्रे आता घरात आहेत, आणि पेटी उघडणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती दिसणार नाहीत. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय असते, पण तिच्या खालीच अनेकदा १४ दिवसांसारखी मुदत लिहिलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. मुदत संपली की प्रत जाते. कोषाध्यक्षांच्या संगणकावर नेमके हेच झाले होते, आणि म्हणूनच पहिले दोन आठवडे कोणालाच काही जाणवले नाही. शिवाय पॉप फक्त इनबॉक्स पाहते. पाठवलेले मेल, मसुदे आणि आपण केलेले इतर फोल्डर तिच्या कक्षेत येत नाहीत.

आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतात आणि प्रोग्राम त्यांचे प्रतिबिंब दाखवतो. संगणकावर मेल वाचला की तो मोबाइलवरही वाचलेला दिसतो, फोल्डर बदलला की सगळीकडे बदलतो. एकापेक्षा अधिक उपकरणे किंवा एकापेक्षा अधिक माणसे असतील, तर आयमॅपच घ्यावे. आज जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तेव्हा हा सल्ला जवळजवळ प्रत्येकाला लागू होतो.

इशारा : आयमॅपला राखीव प्रत समजू नये. संगणकावर मेल पुसला की तो सर्व्हरवरून आणि म्हणून मोबाइलवरूनही जातो. “हे तर माझ्या कॉम्प्युटरमधले आहेत, ब्राउझरमधले राहतीलच” या समजुतीने सफाई करणारे लोक मी पाहिले आहेत.

## टप्पा ३ : ब्राउझरमध्ये खात्याची तयारी

पत्ता आणि नेहमीचा पासवर्ड कोणत्याही प्रोग्रामला दिला की काम होई, ते दिवस मोठ्या कंपन्यांकडे आता संपले आहेत. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही मुभा काढून घेण्यास सुरुवात केली आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्याऐवजी ओऑथ नावाची पद्धत आली. तीत पासवर्ड मेल प्रोग्रामकडे साठवला जात नाही. कंपनीचे स्वतःचे प्रवेशपान उघडते, तिथे आपण ओळख पटवतो आणि प्रोग्रामला एक परवानगीपत्र मिळते. जुन्या लेखांतील सूचना पाळून “पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही” म्हणणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

जीमेलसाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही ओळख पटवण्याची सोय, सुरू करून ठेवावे. वैयक्तिक खात्यांत जानेवारी २०२५ पासून आयमॅप नेहमीच सुरू असते, त्यामुळे ‘आयमॅप सुरू करा’ हे जुने बटण शोधत बसू नये. संस्थेच्या किंवा कार्यालयाच्या गूगल खात्यात मात्र व्यवस्थापक ही सोय बंद ठेवू शकतो. तिथे आधी त्यालाच विचारावे.

जुना प्रोग्राम ओऑथ जाणत नसेल, तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढता येतो, पण त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधी सुरू असावे लागते. सामाईक खात्यात प्रत्येक संगणकाला वेगळा अ‍ॅप पासवर्ड देऊन त्याला ‘कोषाध्यक्ष घर’, ‘सचिव कार्यालय’ अशी नावे द्यावीत. पुढे पदाधिकारी बदलले की त्यांच्या संगणकाचा तेवढा रद्द करता येतो. अ‍ॅप पासवर्ड मोकळ्या जागा न ठेवता लिहावा. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल हे सर्व अ‍ॅप पासवर्ड रद्द करते, हेही ध्यानात असू द्यावे.

आउटलुकच्या वैयक्तिक खात्यात सेटिंग्जच्या मेल विभागातील पॉप व आयमॅपसंबंधीचे पान उघडून बाहेरील प्रोग्रामना परवानगी दिलेली आहे ना, ते पाहावे. याहूला ओऑथ किंवा अ‍ॅप पासवर्ड, दोन्ही चालतात.

स्वतःच्या डोमेनवरचे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचे, खाते असेल, तर त्याचे होस्टिंग (सर्व्हरवरील जागा) सांभाळणाऱ्याकडून सहा गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे नाव, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे नाव, दोन्हींचे पोर्ट क्रमांक (सर्व्हरवर ज्या दारातून जोडणी होते त्याचा आकडा), सुरक्षेचा प्रकार, आणि वापरकर्ता म्हणून पूर्ण ईमेल पत्ता द्यायचा की फक्त नाव. फोनवर ऐकून लिहिलेल्या सर्व्हरच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे होते आणि दिवस वाया जातो.

पडताळणी : या टप्प्यानंतर खात्यात पुन्हा एकदा खासगी खिडकीतून शिरून पाहावे. ब्राउझरमध्ये व्यवस्थित शिरता येत नसेल, तर प्रोग्राममध्ये शिरता येण्याची आशा धरू नये.

## टप्पा ४ : प्रोग्राम बसवणे

थंडरबर्ड डॉट नेट या अधिकृत स्थळावरूनच प्रोग्राम उतरवावा. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातींच्या दुव्यांवरून तो घेऊ नये. बसवताना काही वेगळे निवडण्याची गरज पडत नाही.

## टप्पा ५ : खाते जोडणे

प्रोग्राम प्रथमच उघडला की तो नाव आणि पत्ता विचारतो. नावाच्या जागी जे लिहाल, ते समोरच्याला प्रत्येक मेलवर दिसणार आहे. मंडळाच्या खात्यात मंडळाचे नाव द्यावे, स्वतःचे नाही. नाव देवनागरीत लिहिले तरी चालते.

पत्ता दिल्यावर प्रोग्राम सर्व्हरची माहिती स्वतः शोधतो आणि आयमॅप व पॉप असे पर्याय समोर ठेवतो. इथे क्षणभर थांबून आयमॅपवरच खूण आहे ना, ते पाहावे. पुढे जाण्याची घाई याच पडद्यावर सर्वांत महाग पडते, कारण पॉपने एकदा जोडलेले खाते नंतर आयमॅपमध्ये बदलता येत नाही; ते नव्याने जोडावे लागते.

आपोआप शोध लागला नाही, तर हाताने माहिती भरण्याचा पर्याय घ्यावा आणि पुढील तपशील वापरावेत.

जीमेल : येणाऱ्यासाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस.

आउटलुक : येणाऱ्यासाठी आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी-मेल डॉट आउटलुक डॉट कॉम, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस.

याहू : येणाऱ्यासाठी आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, पोर्ट ४६५, एसएसएल/टीएलएस.

पोर्ट आणि सुरक्षेचा प्रकार ही जोडी आहे. ४६५ सोबत स्टार्टटीएलएस किंवा ५८७ सोबत एसएसएल/टीएलएस लिहिले, तर प्रोग्राम बराच वेळ फिरत राहतो आणि शेवटी जोडणी झाली नाही एवढेच सांगतो. ओळख पटवण्याच्या पद्धतीत या तिन्ही कंपन्यांसाठी ‘ओऑथ२’ निवडावे. अ‍ॅप पासवर्ड वापरणार असाल, तरच ‘नॉर्मल पासवर्ड’ निवडावे. ही निवड येणाऱ्या व जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरसाठी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि एकीकडे बदलून दुसरीकडे विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार ऐकली की मी आधी तिथेच पाहतो.

यानंतर कंपनीचे प्रवेशपान उघडते. पत्ता, पासवर्ड, फोनवरील पडताळणी आणि शेवटी परवानगीचे बटण, असा क्रम असतो. पान कोरे राहिले किंवा पुन्हापुन्हा सुरुवातीलाच येत राहिले, तर थंडरबर्डच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ भागात कुकीज स्वीकारण्याची खूण आहे का ते पाहावे. ती नसेल तर हे पान काम करत नाही.

इशारा : पासवर्ड चुकला तर तोच पाच-सहा वेळा रेटू नये, खाते काही काळ बंद होऊ शकते. थंडरबर्डने चुकीचा पासवर्ड साठवला असेल, तर ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधून तो काढून टाकावा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा आणि नव्याने लिहावा.

## टप्पा ६ : पहिली उतरवण

खाते जोडले गेले की प्रोग्राम मेल उतरवू लागतो. जुन्या खात्यात यास काही तास, कधी एकाहून अधिक दिवस लागतात. आयमॅपने एका दिवसात २५०० एमबी उतरवता येतील, अशी मर्यादा गूगलने घातलेली आहे. त्यामुळे दहा जीबीच्या खात्यात दुसऱ्या दिवशी उतरवण थांबल्यासारखी वाटली तर सेटिंग बदलत बसू नये. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर हे काम लॅपटॉपवर किंवा यूपीएस असलेल्या संगणकावर करावे.

सगळे मेल संगणकात हवेच असतील असे नाही. ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ या पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटणातून हवे तेवढे फोल्डर निवडता येतात, किंवा अलीकडच्या ठरावीक दिवसांपुरतेच मेल उतरवता येतात. न उतरवलेले मेलही यादीत दिसतात आणि इंटरनेट असेल तेव्हा उघडतात.

याच पानाच्या खालच्या भागात डिस्कची जागा वाचवण्यासाठी जुने मेल पुसण्याचे पर्याय आहेत. ते संगणकाबरोबर सर्व्हरवरचे मूळ मेलही कायमचे पुसतात, आणि तसे तिथे लिहिलेलेही आहे. ‘डोन्ट डिलीट एनी मेसेजेस’ ही खूण तशीच राहू द्यावी.

जीमेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. तिथे फोल्डर नसून लेबले असतात, आणि थंडरबर्ड प्रत्येक लेबल हे फोल्डर म्हणून दाखवतो. त्यामुळे एकच मेल ‘इनबॉक्स’मध्ये आणि ‘ऑल मेल’मध्येही दिसतो. लोकांना ती दुबार प्रत वाटते आणि ते ‘ऑल मेल’मधली ‘जास्तीची’ प्रत पुसतात. मेल एकच असल्याने तो सगळीकडून उठून कचरापेटीत जातो आणि ३० दिवसांनी तिथूनही नाहीसा होतो. हा धोकाच नको असेल, तर ब्राउझरमध्ये जीमेलच्या लेबल सेटिंगमध्ये ‘ऑल मेल’समोरील ‘शो इन आयमॅप’ची खूण काढावी. डिस्कवरची जागाही त्याने वाचते. मात्र इनबॉक्समधून हलवून कोणतेही लेबल न दिलेले जुने मेल मग प्रोग्राममध्ये दिसणार नाहीत. ते ब्राउझरमध्ये असतातच.

## टप्पा ७ : फोल्डर जुळवणे

ब्राउझरमधील ‘सेंट’ आणि प्रोग्राममधील ‘सेंट’ हे एकच फोल्डर असायला हवेत. ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर पाठवलेले मेल, मसुदे आणि संग्रह यांची जागा त्याच खात्यातील फोल्डरकडे वळवलेली आहे ना, ते पाहावे. तिथे ‘लोकल फोल्डर्स’ असेल, तर पाठवलेला मेल फक्त त्या संगणकात राहतो आणि मोबाइलवर कधीच दिसत नाही. जीमेलमध्ये पाठवलेल्या मेलच्या दोन-दोन प्रती दिसू लागल्या, तर याच पानावरील प्रत ठेवण्याची खूण काढावी, कारण जीमेलचा सर्व्हर पाठवलेला मेल स्वतःच नोंदवतो.

एकाच प्रोग्राममध्ये दोन-तीन खाती असतील, तर प्रत्येक खात्याच्या पानावर तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ कोणता निवडला आहे ते पाहावे. नंतर जोडलेले खाते कधीकधी पहिल्या खात्याच्याच सर्व्हरवरून मेल पाठवत राहते, आणि मंडळाचे पत्र घरच्या खासगी पत्त्यावरून गेलेले लोकांना मिळते.

## टप्पा ८ : चार चाचण्या

चाचण्या पूर्ण होईपर्यंत ब्राउझरमधील एकही मेल पुसू नये.

१. दुसऱ्या खात्यावरून एक मेल पाठवावा आणि तो प्रोग्राममध्ये व मोबाइलवर दोन्हीकडे दिसतो का, ते पाहावे.

२. प्रोग्राममधून त्याला उत्तर द्यावे. उत्तर पोहोचले का, कोणत्या नावाने पोहोचले, आणि ब्राउझरमधील ‘सेंट’मध्ये एकदाच दिसते का, हे तिन्ही तपासावे.

३. तो मेल प्रोग्राममध्ये दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावा आणि ब्राउझरमध्येही हललेला दिसतो का, ते पाहावे.

४. प्रोग्राममध्ये एक मसुदा लिहून जतन करावा आणि तो ब्राउझरमध्ये उघडावा. मजकुरात थोडे मराठी असू द्यावे.

चौथ्या चाचणीबद्दल थोडे अधिक सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, लिहिलेले मराठी किंवा हिंदी दोन्हीकडे नीट दिसायला हवे. आपल्याकडे मात्र बरीच जुनी कागदपत्रे कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत, आणि त्यांतील मजकूर मेलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. तो दोष मेल प्रोग्रामचा नसतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

## टप्पा ९ : कुलूप आणि राखीव प्रत

थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही पाहता येतात. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधून ‘प्रायमरी पासवर्ड’ लावावा. तो विसरला तर परत मिळत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवावा.

राखीव प्रतीसाठी ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडावे, ‘प्रोफाइल फोल्डर’समोरील बटणाने तो फोल्डर (थंडरबर्ड मेल आणि सेटिंग जिथे साठवतो तो) उघडावा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करावा आणि त्यानंतरच संपूर्ण प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. प्रोग्राम सुरू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. थंडरबर्ड सहसा प्रत्येक मेल फोल्डरची एकच मोठी फाइल ठेवतो, आणि ती ४ जीबीहून मोठी झाली की ‘फॅट ३२’ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर जात नाही. अशा वेळी पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ पद्धतीने तयार करून घ्यावा. त्यावरचा जुना मजकूर त्यात पुसला जातो, म्हणून आधी तो दुसरीकडे ठेवावा.

## वापर सुरू झाल्यावर वारंवार येणाऱ्या अडचणी

मेल अचानक नाहीसा झाला, तर आधी ‘अर्काइव्ह्ज’ फोल्डर पाहावा. थंडरबर्डमध्ये यादीवर असताना इंग्रजी ‘ए’ हे अक्षर दाबले गेले की निवडलेला मेल संग्रहात जातो, आणि ‘जे’ दाबले गेले की तो जंक ठरतो. कर्सर मजकुरात आहे असे समजून टाइप करायला लागलेल्यांचे मेल असेच हलतात.

मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढून नेणे म्हणजे तो सर्व्हरवरून काढणे. संगणकात वेगळी प्रत हवी असेल, तर उजव्या बटणाच्या मेनूतून ‘कॉपी टू’ वापरावे, ‘मूव्ह टू’ नव्हे.

सामाईक जीमेल खात्यात जोडण्या फार झाल्याची सूचना येते. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देते आणि थंडरबर्ड एकटाच पाचपर्यंत उघडतो. चार संगणक एकदम सुरू झाले की हिशोब वीसवर जातो. प्रत्येक संगणकावर ‘सर्व्हर सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटणाखाली ही संख्या दोनवर आणावी.

कालपर्यंत चालणारे खाते आज प्रमाणपत्राची तक्रार करू लागले, तर घड्याळ आणि अँटिव्हायरसची मेल तपासणी या दोन गोष्टी पाहाव्यात. ‘अपवाद मान्य करा’ हे बटण दाबून पुढे जाऊ नये.

## पॉपने उतरवलेले मेल सर्व्हरवर परत नेणे

ज्यांचे आमच्या मंडळासारखे झाले आहे, त्यांनी पॉपचे जुने खाते काढून टाकण्याची घाई मुळीच करू नये. खाते काढताना ‘रिमूव्ह मेसेज डेटा’वर खूण राहिली, तर उरलेली एकमेव प्रतही जाते.

१. ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये जाऊन पॉप खात्याची आपोआप मेल तपासण्याची खूण काढावी, म्हणजे आणखी मेल उतरणार नाहीत.

२. टप्पा ९ प्रमाणे प्रोफाइलची प्रत काढावी.

३. तेच खाते त्याच थंडरबर्डमध्ये आयमॅपने नव्याने जोडावे. एकाच पत्त्याची दोन खाती डावीकडे दिसतील. गोंधळ टाळण्यासाठी जुन्याचे नाव ‘जुने पॉप’ असे बदलावे.

४. आयमॅप खात्यात ‘परत आणलेले’ असा एक फोल्डर करावा. थेट इनबॉक्समध्ये टाकल्यास नवे-जुने मिसळते.

५. जुन्या इनबॉक्समधून शंभर-दोनशे मेल निवडून ‘कॉपी टू’ने त्या फोल्डरमध्ये पाठवावेत. एकदम हजारो मेल निवडले तर मध्येच जोडणी तुटते आणि कुठवर गेले ते कळत नाही. जीमेलवर आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच चढवता येतात, तेव्हा मोठ्या फाइली जोडलेल्या मेलसाठी काही दिवस लागतील असे धरून चालावे. आम्हाला मंडळाचे मेल परत न्यायला तीन संध्याकाळी लागल्या. कोषाध्यक्ष काका दर तुकडीनंतर दोन्ही फोल्डरमधील आकडे वहीत लिहीत होते, आणि दुसऱ्या संध्याकाळी अकरा मेलचा फरक पडलेला त्या वहीमुळेच ध्यानात आला.

६. आकडे जुळल्यावर ब्राउझरमध्ये जाऊन सर्वांत जुना, मधला आणि सर्वांत नवा असे मेल उघडून पाहावेत. त्यांच्यासोबतच्या फाइलीही उघडतात का, ते पाहावे.

एवढे झाल्यावर मूळ पॉप खाते आणखी महिनाभर तसेच राहू द्यावे, आणि सर्व सदस्यांनी आपापल्या मोबाइलवर जुना पत्रव्यवहार दिसत असल्याचे कळवल्यानंतरच ते काढावे.